ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री अकरापर्यंत वाजतो. म्यूट करू, की कामासाठी वेगळा फोन घेऊ?

वेगळा फोन घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागून थोडेच महिने झालेत. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, पण प्लांटचा ग्रुप रात्री अकरापर्यंत चालू असतो. म्यूट केला आणि नेमका साहेबांचाच मेसेज राहिला तर, ही धास्ती. नाही केला तर घरी असून नसल्यासारखं. म्हणून स्वस्तातला एक फोन कामापुरता घ्यायचा आणि घरी आल्यावर तो बॅगेतच राहू द्यायचा, असं तुमच्या मनात आहे. माझ्या ओळखीतल्या काही जणांनी हे करून पाहिलंय. थोड्याच दिवसांत दोन्ही फोन उशाशी येतात, कारण रात्री आपल्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते कळेपर्यंत कितीही हँडसेट घेतले तरी जीव त्या ग्रुपमध्येच अडकलेला राहणार.

मी शेजारच्या सातपूरला मशीनिंगची कामं करणाऱ्या एका व्हेंडरकडे, म्हणजे मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या युनिटमध्ये, प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघते. ग्रुपच्या विरोधात मी अजिबात नाही. महिंद्रा, बॉश यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सातपूर-अंबडला कितीतरी लहान युनिट उभी राहिली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर असलं तरी ते ऑफिसमधल्या दोन-तीन कॉम्प्युटरपुरतं असतं. पूर्वी ई-मेल यायचा तो स्टाफपर्यंत. मशीनवरच्या ऑपरेटरला काय बदललंय ते सुपरवायझरने सांगितलं तर कळायचं, नाहीतर नाही. आता इन्सर्टचा (मशीनमधल्या कापणाऱ्या पात्याचा) कोपरा उडाला की ऑपरेटर तिथल्या तिथे फोटो टाकतो. ज्याला टाइप करायला जमत नाही तो व्हॉइस नोट टाकतो. तोवर टूल रूममधला माणूस नवीन इन्सर्ट घेऊन निघालेलाही असतो. गाडी गेटवर लागली, चलानवर नग कमी आहेत, कॉम्प्रेसर बंद पडला, सगळं मिनिटात पोचतं, आणि कंत्राटी कामगारापासून प्लांट हेडपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी पोचतं. हे फार मोलाचं आहे, ते हातचं जाऊ देऊ नये.

गोंधळ होतो तो सगळं एकाच ठिकाणी ओतल्यामुळे. उद्याच्या ऑडिटची सूचना, सेकंड शिफ्टचं प्रॉडक्शन, कुणाचा वाढदिवस, देवाचा फोटो आणि 'कस्टमरची लाइन थांबलीय, ताबडतोब कळवा' या सगळ्याला आवाज एकच. उघडून बघितल्याशिवाय काय आहे ते कळत नाही, म्हणून माणूस दर वेळी उघडतो. दिवसभर हे ठीक आहे, तेव्हा आपण तिथेच असतो. रात्री मात्र एका खऱ्या मेसेजच्या भीतीने वीस बिनकामाचे मेसेज बघत बसावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तातडीचं असेल तर फोन करायचा. बाकी सगळं ग्रुपवर टाकायचं, आणि ग्रुप ज्याने त्याने आपल्या शिफ्टच्या वेळेत वाचायचा. एवढं तुमच्या साहेबांच्या तोंडून एकदा वदवून घ्या. मग म्यूट करताना हात कचरणार नाही.

हे विचारायचं कसं, यावर बरंच काही अवलंबून आहे. 'सर, रात्रीचे मेसेज नाही बघितले तर चालेल का?' असं विचारलंत तर 'बघत जा जरा' हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं म्हणा: 'सर, रात्री माझ्या लॉटचं काही अर्जंट निघालं तर सरळ फोन करा, मी उचलेन. ग्रुप मी सकाळी शिफ्टला यायच्या आधी पूर्ण बघून येत जाईन.' साहेबांची काळजी एवढीच असते की माल अडकला तर माणूस सापडेल की नाही. तुम्ही आधीच शब्द दिलात की त्यांना ग्रुपवर तुमची हजेरी घ्यायचं कारण उरत नाही. आणि हे बोलणं मेसेजवर करू नका. चहाच्या वेळी, समोर उभं राहून, दोन मिनिटांत उरका.

आमचे प्लांट हेड रात्री दहानंतर ओळीने मेसेज टाकायचे आणि आम्ही सगळे जागे राहून उत्तरं द्यायचो. शेवटी आमच्यातल्या एकाने त्यांना विचारलं. ते म्हणाले, 'अहो, जेवण झालं की एकेक आठवतं, विसरायच्या आत टाकून मोकळा होतो. लगेच उत्तर द्या असं मी कुठे म्हटलं?' तेव्हापासून रात्रीच्या मेसेजच्या सुरुवातीला ते 'उद्या' असं लिहितात. एका शब्दाने आमच्याकडची निम्मी रात्र मोकळी झाली. वरच्या माणसाला आपल्या मेसेजचं वजन किती पडतं याचा खरोखर अंदाज नसतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

आता तुमच्या हातात असलेली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. रात्रीचे बरेचसे मेसेज हे दुपारी साडेतीनला अर्धवट राहिलेल्या हँडओव्हरचे असतात. 'तो होल्ड केलेला लॉट कुठे ठेवलाय?' 'बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं साधन) कुणाकडे आहे?' 'सकाळचं रिजेक्शन किती धरायचं?' सेकंड शिफ्टच्या माणसाला तुमच्या घरच्या वेळेशी काही घेणंदेणं नाही, त्याचं काम अडलेलं असतं. तेव्हा शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी ग्रुपवर एक मेसेज टाका, रोज त्याच क्रमाने: पार्ट नंबर, हीट (धातूच्या ओतीचा) किंवा बॅच नंबर, किती तपासले, किती ओके, किती होल्डवर (निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवलेले) आणि का, होल्डचा ट्रे कुठे आहे आणि त्याला कुठला टॅग लावलाय, गेज कुणाच्या ताब्यात दिला. 'बोअर वरच्या लिमिटला चाललाय, दर पाच नगांनी बघा' अशी एखादी ओळ असेल तर तीही लिहा. रजिस्टरमध्ये हेच लिहून समोरच्याची सही घ्या. ग्रुपवरचा मेसेज वर सरकून जातो, रजिस्टरचं पान तिथेच राहतं. हे सवयीचं झालं की तुमच्या नावाने रात्री येणारे प्रश्न आपोआप आटतात. शिवाय नव्या माणसाबद्दल वर चांगलं मत होतं ते अशाच गोष्टीने. रात्री अकराला 'ओके सर' लिहिल्याने होत नाही.

फोनमधली जुळवाजुळव त्यानंतरची. ग्रुप 'नेहमीसाठी' म्यूट करा. आठ तास किंवा एक आठवडा निवडलात तर पुन्हा पुन्हा लक्षात ठेवावं लागतं. म्यूट असतानाही कुणी तुमचं नाव टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला तर ते तुम्हाला कळतं, त्यामुळे खरोखर तुमच्यासाठी असलेलं सहसा हुकत नाही. झोपताना 'डू नॉट डिस्टर्ब' लावत असाल तर साहेब, शिफ्ट इनचार्ज आणि घरचे एवढ्यांचे फोन वाजू द्यायची सोय करून ठेवा. त्यातच एक छान पर्याय असतो: त्याच माणसाने लागोपाठ दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. अँड्रॉइडवर ही वेळ १५ मिनिटांची आहे, आयफोनवर ३ मिनिटांची. शिफ्ट इनचार्जना एवढंच सांगून ठेवा की लागला नाही तर लगेच पुन्हा लावा.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. निळ्या टिका बंद करून ठेवल्या तरी ग्रुपमध्ये त्याचा उपयोग होत नाही. ज्याने मेसेज टाकलाय तो मेसेज दाबून धरून 'इन्फो' बघू शकतो. कुणी वाचला, कुणापर्यंत नुसता पोचला, हे नावानिशी दिसतं. तेव्हा 'वाचला पण वाचलाच नाही असं दाखवू' या खटपटीत पडू नका. रात्री उघडायचाच नाही, आणि सकाळी उघडला की उत्तर द्यायचं, हेच स्वच्छ. 'वाचलं' असं लिहायची गरजही यामुळे उरत नाही, कारण टाकणाऱ्याला ते दिसतंच. तरी साहेबांच्या एका सूचनेखाली 'ओके सर', 'नोटेड सर', हात जोडलेले अशी रांग लागते. एकाने लिहिलं की दुसऱ्याला वाटतं आपण मागे राहू. २०२२ पासून मेसेजवर नुसता अंगठा उमटवायची सोय आली. त्याची नोटिफिकेशन फक्त मूळ मेसेज टाकणाऱ्याला जाते, बाकीच्यांचे फोन शांत राहतात. तुमच्या ग्रुपवर चारसहा जणांनी ठरवून हे सुरू केलं तरी आवाज निम्म्यावर येईल.

ॲडमिनशी तुमचं बरं असेल तर आणखी एक सुचवून बघा: सूचनांचा ग्रुप वेगळा, जिथे फक्त ॲडमिन लिहू शकतील, आणि रोजच्या कामाचा वेगळा. ही सेटिंग २०१८ पासून आहे. वाढदिवस आणि सुप्रभात यांच्यासाठी तिसरा ग्रुप असू द्या. माणसांना एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या असतात, त्यात वाईट काही नाही. आमच्याकडे निवृत्त झालेले दोन जुने टर्नर अजून त्या तिसऱ्या ग्रुपवर आहेत आणि रोज सकाळी न चुकता फुलांचा फोटो टाकतात. तो ग्रुप मी आवडीने उघडते, पण माझ्या वेळेला.

तुम्ही क्वालिटीत आहात म्हणून इथे जरा विषयांतर करते, कारण ही गोष्ट झोपेपेक्षाही महाग पडू शकते. ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर आला तर त्यावरून तपासणी करू नका. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना त्याचा आकार दाबून लहान करतं. ए-थ्री कागदावरचं टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मोबाइलच्या पडद्यावर मोठं करून बघितलं की ६ आहे की ८, पॉइंट झीरो वन आहे की पॉइंट वन, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पाठवायचंच असेल तर पीडीएफ करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ते जसंच्या तसं पोचतं. आणि त्याहून मोठा धोका रिव्हिजनचा, म्हणजे ड्रॉइंगच्या बदललेल्या आवृत्तीचा. ग्रुपवर जुनं ड्रॉइंग वर कुठेतरी पडलेलं असतं, सेकंड शिफ्टचा माणूस सर्चमध्ये पार्ट नंबर टाकतो, समोर आधीचं रिव्हिजन येतं आणि तो त्यावरून सेटिंग करून मोकळा होतो. चुकीचं चेंफर (कडेचा तिरका काप) घेऊन अख्खा लॉट झाल्यावर कुणाला बोल लावणार? तपासणी शिक्का मारलेल्या कंट्रोल्ड कॉपीवरूनच व्हायला हवी, आणि नवीन रिव्हिजन आलं की ग्रुपवरचं जुनं काढून टाकायला सांगायला हवं. पाठवणाऱ्याला ते साधारण दोन दिवसांपर्यंतच सगळ्यांसाठी डिलीट करता येतं. त्यापुढे ॲडमिनला विचारून बघा. शिवाय कस्टमरची ड्रॉइंग आपल्या गॅलरीत, घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी पडून राहणं बरोबर नाही. ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे यापुढे येणारी गॅलरीत दिसणार नाहीत. घरात मुलं तोच फोन हाताळत असतील तर हे आजच करा.

आता समजा, साहेबांनी स्पष्टच सांगितलं की रात्रीही ग्रुप बघायचाच. असंही होतं. कायद्याचा आधार मिळेल का, तर काही देशांत मिळतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेसेज न बघण्याच्या हक्कावर कामगारांशी बसून बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाची वेळ संपल्यावर आलेला फोन किंवा मेसेज न बघण्याचा हक्क कायद्यात आला, लहान कंपन्यांना तो एक वर्षाने लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडलं होतं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं, पण कायदा झालेला नाही. म्हणजे आज कायद्याचं कलम दाखवून तुम्ही साहेबांना गप्प करू शकत नाही.

तरी ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली एक गोष्ट मला फार पटते. न बघणं वाजवी की गैरवाजवी हे ठरवताना तिथे काही प्रश्न विचारले जातात: संपर्क कशासाठी केला, त्याने किती व्यत्यय येतो, त्या माणसाचा हुद्दा काय, आणि वेळेबाहेर उपलब्ध राहण्याचे त्याला वेगळे पैसे मिळतात का. साहेबांशी बोलताना हेच प्रश्न शांतपणे मांडता येतात. प्लांट हेडचा पगार वेगळा, जबाबदारी वेगळी, त्यांनी रात्री फोन बघितला तर समजू शकतं. नुकत्याच लागलेल्या इन्स्पेक्टरकडून तीच अपेक्षा करायची असेल तर त्याचा मोबदला असायला हवा. कारखान्यातल्या कामगाराला जादा तासांचा दर दुप्पट, हा १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टपासून चालत आलेला नियम आहे. त्यामागचा विचार एवढाच की माणसाचा वेळ फुकट नसतो. तो विचार मोबाइल आल्याने रद्द होत नाही, असं मी ठामपणे मानते.

आमच्याकडे यावर तोडगा निघाला तो रंगपंचमीमुळे. नाशिकला खरा रंग त्या दिवशी असतो, जुन्या गावातल्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात, आणि आमची कंपनी त्या दिवशी बंद असते. पण पुण्याच्या, चाकणच्या कस्टमरला कसली सुट्टी? त्यांचे मेसेज सकाळपासून सुरू व्हायचे आणि रंगाने माखलेल्या हातांनी चार-चार जण एकाच प्रश्नाला चार वेगळी उत्तरं द्यायचे. मग ठरलं की सुट्टीच्या दिवशी आणि रात्री एकाच माणसाने फोन घ्यायचा. पाळीचा तक्ता नोटीस बोर्डवर लागतो, ज्याची पाळी त्याला नंतर बदली सुट्टी मिळते, आणि कस्टमरलाही तोच एक नंबर दिलेला असतो. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. कस्टमर उलट खूश झाले, कारण एक उत्तर येऊ लागलं आणि ते बरोबर असायचं. तुमच्या कंपनीत असा तक्ता नसेल तर तो सुचवायला तुम्ही नवीन आहात म्हणून कचरू नका. तुमच्या सुपरवायझरलाही झोप हवीच असते.

राहिला दुसऱ्या नंबरचा प्रश्न. दुसऱ्या फोनला माझा विरोध असला तरी दुसऱ्या नंबरला नाही. पुढे तुमचा नंबर व्हेंडर आणि कस्टमरकडे जाणार असेल तर कामाचा नंबर वेगळा असलेला चांगला, आणि तो कंपनीने द्यावा. तुमचा फोन दोन सिमचा असेल तर एकाच हँडसेटवर भागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खाती ठेवायची सोय जाहीर केली, आणि प्रत्येक खात्याची नोटिफिकेशन वेगळी लावता येते. कंपनी सिम देत नसेल तर स्वतःच्या पैशाने दर महिन्याचा वेगळा रिचार्ज करायच्या भानगडीत पडू नका, म्यूटवर काम होतं.

'मीडिया ऑटो डाउनलोड'मध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीकडचे फोटो-व्हिडिओ बंद करा. हे तेवढं लगेच करा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो, आणि ती जागा कारखान्याच्या व्हिडिओंनी भरली की तुमच्या जीमेलवर मेल येणं थांबतं. नोकरीच्या अर्जाचं उत्तर किंवा बँकेचा मेल अशाने परत गेला तर कळतसुद्धा नाही. आणि कंपनीचं सिम मिळालंच तर त्यावर बँक, आधार, यूपीआय काहीही जोडू नका. नोकरी बदलताना तो नंबर परत द्यावा लागतो.